एकोणीस दिवस डमी लोडवर

दोनचं रीडिंग लिहून झालं आणि हातातलं पेन निसटून ट्रान्समीटरच्या कपाटामागे गेलं. ते काढायला वाकलो, तोल सांभाळायला डावा हात कोपऱ्यातल्या काळ्या पेटीवर टेकवला, आणि तळव्याला असा चटका बसला की तोंडातून 'आई गं' निघालं. पेटी तापली होती. ती थंड असायला हवी होती. मी तळहाताकडे बघत फरशीवरच बसलो. काय झालंय ते मला कळलं होतं, पण ते मानायला मन तयार नव्हतं.

हे ज्या केंद्रात झालं ते आता बंद आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, कपाशीच्या वावरांमध्ये तीन खोल्या, एक मोठी डिश आणि एक टॉवर, एवढाच आमचा संसार. टीव्हीच्या प्रक्षेपणाचं लहान केंद्र. मी बोरगाव मेघेहून एसटीने जायचो, आणि माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे असलेले एक सहकारी त्याच गावात राहायचे. आम्ही दोघं मिळून केंद्र चालवायचो. डिश आभाळातून कार्यक्रम उतरवून घ्यायची, ट्रान्समीटर त्याला आमच्या चॅनेलवर बसवायचा, शंभर वॅटपर्यंत फुगवायचा आणि जाड केबलने टॉवरवरच्या ॲन्टेनाकडे ढकलायचा. तिथून तो चहूकडे पसरायचा. पंधरा-वीस किलोमीटरच्या आत ज्याच्या छपरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा ॲन्टेना असेल त्याला आमचं चित्र फुकटात दिसायचं.

या सगळ्यात माझा जीव कशात असेल तर मीटरमध्ये. ट्रान्समीटरच्या दारावर एक मीटर आणि त्याखाली एक फिरवायची खटकी. खटकी एका घरात ठेवली की ॲम्प्लिफायर किती करंट खातोय ते दिसायचं, दुसऱ्या घरात फॉरवर्ड, म्हणजे किती पॉवर बाहेर चाललीय, आणि तिसऱ्या घरात रिफ्लेक्टेड, म्हणजे त्यातली किती पुढे न जाता उलटी परत येतेय. मोजायची रीत शितावरून भाताची परीक्षा करावी तशी. पॉवर ज्या नळीतून बाहेर जाते तिला कपलर नावाचा एक तुकडा जोडलेला असतो. तो जाणाऱ्या लाटेतलं चिमूटभर उचलतो, परत येणाऱ्या लाटेतलंही वेगळं उचलतो. एक इवलासा डायोड त्या चिमटीचं सरळ व्होल्टेज करून देतो आणि त्यावर सुई हलते. सुईला शंभर वॅटची पॉवर कधी दिसतच नाही. तिला तेवढी चिमूट दिसते आणि बाकीचं आपण मानून चालायचं. हे मी केंद्र पाहायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना दर वर्षी मोठ्या ऐटीत सांगायचो. स्वतःला सांगायचं मात्र राहून गेलं.

दर तासाला रीडिंग घ्यायचं आणि लॉगबुकात लिहायचं असा नियम. बरेच जण खुर्चीत बसून मागच्या ओळीवरून पुढची उतरवतात, हे या खात्यातलं उघड गुपित. मी कधीच तसं केलं नाही आणि करणाऱ्यांना चारचौघांत बोलूनही दाखवलं. माझा स्वभाव असा की आकडा एक घर सरकला तरी डोकं तापायचं. बायको म्हणायची, स्वतःच्या बीपीची गोळी विसरता, पण त्या सुईचा ताप मात्र तासातासाला बघता.

त्याच महिन्यात वरच्या कार्यालयाचं एक पत्र आलं होतं. आता घरोघरी डिश आल्यात, तेव्हा तुमच्या केंद्रावरून ॲन्टेना लावून टीव्ही पाहणारे कोणी उरलेत का ते शोधा, सोबतच्या फॉर्मवर त्यांच्या सह्या घ्या. दर्शक न आढळल्यास केंद्र चालू ठेवण्याबाबत विचार केला जाईल. ही सरकारी भाषा ज्याला वाचता येते त्याला त्यातला 'विचार' बरोबर कळतो. सहकाऱ्यांनी पत्र फाइलला लावलं आणि चहा सांगितला. मी मात्र त्या रात्री जेवलो नाही. तेवीस वर्षं ज्या गोष्टीपुढे मी तासातासाला उभा राहिलो ती कोणाच्या उपयोगाची आहे की नाही, हे आता सह्यांवर ठरणार होतं. मला ते केंद्र वाचवायचं होतं. बदलीची भीती होती, नाही असं नाही, पण त्याहून जास्त मला हे ऐकायचं नव्हतं की आम्हाला कोणी पाहत नव्हतं.

आणि आता मी फरशीवर बसून तळहात फुंकत होतो.

डमी लोड म्हणजे खोटा ॲन्टेना. ट्रान्समीटर चालू ठेवायचा पण आभाळात काही जाऊ द्यायचं नाही, अशी वेळ आली की टॉवरची केबल काढून त्या जागी या पेटीची केबल लावायची. सगळी पॉवर पेटीत जाते, तिची उष्णता होते आणि पेटीच्या पात्यांमधून हवेत निघून जाते. ट्रान्समीटरला फरक कळत नाही. उलट त्याला ही पेटी खऱ्या ॲन्टेनापेक्षा जास्त मानवते, कारण ती काहीच परत पाठवत नाही. पेटी तापली होती याचा अर्थ एवढाच की आमचा कार्यक्रम टॉवरवर न जाता या कोपऱ्यात जळत होता.

मी कपाटामागे डोकं घातलं. टॉवरची केबल हुकाला लटकत होती. तिच्या तोंडाला आम्हीच लावलेलं प्लॅस्टिकचं टोपण होतं.

टोपण कोणत्या दिवशी लावलं हे लॉगबुक न उघडताही आठवलं, तरी मी उघडलं. टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा बरेच दिवस बंद होता. तो बदलायला गावातला एक वायरमन वर चढणार होता. माणूस वर असताना ॲन्टेनात पॉवर ठेवायची नसते. सरळ ट्रान्समीटर बंद करावा, तर ते ब्रेकडाउन म्हणून लिहावं लागतं, आणि आमच्या केंद्राला कित्येक महिन्यांत ब्रेकडाउन नव्हता. म्हणून आमची आपसातली एक पद्धत होती: मिनिटभर बंद करायचं, केबल बदलून डमी लोडवर टाकायचं आणि पुन्हा चालू करायचं. मीटर शंभर दाखवतं, लॉगबुक स्वच्छ राहतं, वरचे खूश. माणूस उतरला की उलट क्रमाने तेच.

त्या दिवशी केबल सहकाऱ्यांनी बदलली होती. वायरमन उतरला, संध्याकाळ होत आली होती, दिवा लावून पाहिला. लालभडक लागला. आम्ही तिघं अंगणात माना वर करून उभे होतो आणि खरंच आनंद झाला होता. सहकाऱ्यांना घरी पाहुणे यायचे होते. ते जाता जाता मला म्हणाले, "केबल पाहजो." मी आत गेलो. मीटरसमोर उभा राहिलो, खटकी फिरवली. फॉरवर्ड शंभर. रिफ्लेक्टेड नेहमी तीन-चार असायचं, ते त्या दिवशी शून्य. मी बाहेर येऊन म्हणालो, "पाह्यली." खोटं बोललो असं तेव्हा वाटलंही नाही. मला केबल पाहायला सांगितली होती आणि मी मीटर पाहून आलो होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ते शून्य पाहून मी फुशारलो. मला वाटलं वायरमनने वरचा सैल जोड आवळला असणार. पुढचे दिवस प्रत्येक तासाला मी ते शून्य लिहिलं आणि पहिल्या शून्याखाली लाल शाईने रेघ ओढली, वरच्या साहेबांच्या नजरेत भरावी म्हणून. बाजूच्या खोलीतल्या आमच्या टीव्हीवर चित्र स्वच्छ यायचं. पेटीतून थोडं इकडे-तिकडे गळतंच आणि दहा हातांवरच्या टीव्हीला तेवढं पुरतं. खोली गरम होत होती, तर मी एसीवाल्याला बोलावून झापलं. तो बिचारा म्हणत होता की एसी ठीक आहे. मी त्याला म्हटलं, मला शिकवू नको.

मी दिवस मोजले. एकोणीस.

सहकारी चारला आले तेव्हा मी केबल पुन्हा जागेवर लावली होती. सुई तीनवर आली होती. मी त्यांना टोपण दाखवलं. ते खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं की फोन कोणाचा आला होता का. मी म्हटलं नाही. तक्रारवही काढली. कोरी. ऑफिसचा फोन उचलून पाहिला, चालू होता. मला आधी माझ्या चुकीचा धक्का बसला होता. हा दुसरा त्याहून मोठा होता आणि तो बसायला जरा वेळ लागला. एकोणीस दिवस या सबंध टापूत आमचा एक किरणही गेला नव्हता आणि एकाही माणसाने विचारलं नव्हतं की बाबांनो, झालं काय.

"जाऊ दे," सहकारी शेवटी म्हणाले. "कोनाले समजलं नाई. तू काऊन जिवाले लावून घेऊन राह्यला?"

मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो. त्यांचं चुकलं काहीच नव्हतं. कोणाला समजलं नाही हेच तर मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, मोटरसायकल काढली, फॉर्म पिशवीत घातले आणि टॉवरच्या आसपासची गावं पालथी घालायला निघालो. मान वर करून छपरं बघत मोटरसायकल चालवणारा माणूस लोकांना वेडाच वाटला असणार. छपरांवर डिशच डिश, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. काड्यांचे ॲन्टेनेही दिसले, पण एकावर लुगडं वाळत होतं, एक गोठ्याच्या कुडात खोचला होता. दुपारपर्यंत माझी सगळी घमेंड उतरली होती.

चार किलोमीटरवरच्या एका गावात, बुद्धविहाराच्या मागच्या ओळीत शेवटच्या घरावर मला तो दिसला. उंच बांबू, तारेने तीन बाजूंनी ताणलेला, काड्या सरळ, आणि तोंड बरोबर आमच्या टॉवरकडे. मी रस्त्यातच गाडी थांबवली. लहान पोरासारखा आनंद झाला. आहे, एक घर आहे.

घरात एकट्या राहणाऱ्या बाई होत्या, सत्तरीच्या, अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म घालवलेल्या. मी टॉवरवरून आलो म्हटल्यावर त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं, आणि घरचाच माणूस आल्यासारखं बोलायला लागल्या. ॲन्टेना नवऱ्याने बांधलेला. तो गेला, पण दिशा त्याने अशी पक्की धरली होती की वाऱ्या-वादळात कधी हलली नाही. लेक नागपूरला असते, ती म्हणते डिश लाव, पण यांना नको. रोज संध्याकाळच्या बातम्या, रविवारी जुनं काही लागलं तर ते. मी फॉर्म काढला आणि सही मागितली.

"सही देतो, पन टीव्ही तं नाई आता," त्या म्हणाल्या. "खराब झाला."

केव्हा झाला, मी विचारलं.

त्यांनी सगळं नीट सांगितलं. टॉवरवर नवा दिवा लागला ना, त्याच संध्याकाळी पडद्यावर मुंग्या आल्या. आधी त्यांना वाटलं टॉवरच बंद पडला असेल. म्हणून अंगणात येऊन पाहिलं, तर लाल दिवा छान लागलेला. म्हणजे टॉवर चालू आहे, आपलाच टीव्ही गेला, असं त्यांनी धरलं. रोज संध्याकाळी बाहेर येऊन त्या दिव्याकडे बघायच्या. आठवडाभर वाट पाहून दुकानातून मिस्त्री बोलावला. त्याने मागचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला पिक्चर ट्यूब गेली, याचे पार्ट आता भेटत नाहीत. चार दिवसांपूर्वी भंगारवाला आला, त्याला देऊन टाकला. टीव्ही ठेवायच्या स्टुलावर त्यांनी आता पाण्याचा माठ ठेवला होता. मी मघाशी प्यायलेलं पाणी त्यातलंच होतं.

तक्रार कोणी केली नाही, कारण जी एकटी करू शकली असती तिने आमच्यावर विश्वास ठेवला आणि दोष स्वतःच्या टीव्हीला दिला.

मग त्यांनी विचारलं. सहज विचारलं, संशयाने नाही. "तुमच्याकडे तं सगळं ठीक होतं ना, भाऊ? मले वाटून राह्यलं, म्या देयाची घाई तं नाई केली?"

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, "नाही मावशी. आमचं मीटर शंभर दाखवत होतं."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. लॉगबुक उघडून दाखवता आलं असतं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाल्या, मग बरं झालं, रुखरुख लागली होती. आणि फॉर्म स्वतःच ओढून घेतला. आता टीव्ही नसला तरी इतकी वर्षं पाहिलं ना, मग सही का नाही चालणार, असं त्यांचं म्हणणं. अंगणवाडीतल्या रजिस्टरांची सवय, वाचल्याशिवाय सही नाही. सगळे रकाने त्यांनी स्वतः भरले. 'चित्र शेवटचे केव्हा दिसले' असा एक रकाना होता. त्यांनी कॅलेंडर पाहून तारीख घातली आणि पुढे स्पष्ट अक्षरांत लिहिलं: टॉवरचा नवा दिवा लागला त्याच्या आदल्या दिवशी. खाली पूर्ण नावाची सही केली.

केंद्रावर परत येऊन मी तो फॉर्म लॉगबुकाच्या बाजूला ठेवला. सबंध टापूतून मिळालेली एकच सही. ती वर पाठवली तर सांगता आलं असतं की आहे, दर्शक आहे, निदान होता. पण त्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या वहीत 'टॉवर लाइट बदलला' असं होतं, आणि त्याच्या खाली माझं ते लाल रेघेचं शून्य. कोणीही शहाण्या माणसाने दोन्ही शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. सहकाऱ्यांची निवृत्ती जवळ आली होती, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण मी होतो. इतरांच्या लॉगबुकांना तेवीस वर्षं नावं ठेवणारा मी.

मी फॉर्म घडी करून पाकिटात घातला आणि अहवालात लिहिलं: आढळलेले दर्शक, निरंक. सही केली. लिहिताना हात जराही अडखळला नाही, आणि मी अजून त्याच गोष्टीला हबकतो.

सहा-सात महिन्यांनी आदेश आला. ट्रान्समीटर बंद केला तेव्हा शेवटचं रीडिंग मीच लिहिलं. टॉवर पुढे उतरवला. माझी बदली झाली, मग निवृत्तीही. फॉर्म कपाटात कागदांखाली आहे, बायकोलाही ठाऊक नाही.

मागच्या वर्षी डोळे दाखवायला सावंगीच्या दवाखान्यात गेलो होतो. डोळ्यांच्या ओपीडीत बाकावर बसलो असताना कोणीतरी दंडाला हात लावला. त्याच बाई. मोतीबिंदू काढून आठ दिवस झाले होते, डोळ्यावर काळा चष्मा, तरी त्यांनी मला ओळखलं. बोलता बोलता म्हणाल्या की आता अंगणात आलं की टॉवरच्या जागी काहीच दिसत नाही, अंधार वाटतो. मग माझ्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली करून विचारलं, जणू काही त्यांच्याच हातून राहिलं होतं.

"माह्या एकटीच्या सहीनं नाई भागलं ना, भाऊ?"

माझा नंबर पुकारला गेला. मी उठलो नाही. त्या वाट बघत होत्या.

"नाही मावशी," मी म्हणालो. "एकटीच्या सहीनं नाही भागलं."